पिठीची नखं

आष्ट्याच्या कडेला, इस्लामपूरच्या रस्त्यापासून जरा आत, मदन मगदुमांची पिठाची गिरणी होती. मदनराव गेले तरी लोक तिला मदनची गिरणीच म्हणत राहिले. चालवायला मात्र त्यांच्या पत्नी कस्तुरी उभ्या राहिल्या. मुलगा, अतिशय त्याचं नाव, पुण्याला नोकरीला. तो म्हणाला, "आई, आता बंद कर आणि इकडं ये." त्या गेल्या, एक उन्हाळा काढला आणि परत आल्या. "तिथं मला कुणी दळण टाकायला येत नाही," एवढंच कारण त्यांनी सांगितलं.

दळणाला आलेलं धान्य कस्तुरीकाकू आधी मूठभर हातावर घेऊन पाहत. त्यात किडे हलताना दिसले, की डबा परत. "उन्हात पसरून ठेवा थोडा वेळ. जातील आपल्या वाटेनं. मग आणा." जैनाच्या घरची बाई, ती किड्यांसकट दळणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एखादी बाई फणकाऱ्यानं दुसऱ्या गिरणीत जाई. पण पीठ काकूंच्या दगडाचंच चांगलं पडायचं, त्यामुळं पुढच्या खेपेला ती धान्याला ऊन दाखवून इकडंच आणायची.

पिठी त्यांच्याकडं आली ती अशीच, आपल्या वाटेनं. उसाची तोड झाली की कवठे महांकाळ भागातले मेंढके इकडं येतात आणि मोकळ्या रानात मेंढरं बसवतात. एका साली कळप पुढं निघाला आणि त्यांची एक कारवानी कुत्री मागं राहिली. लांब पाय, आत गेलेलं पोट, काळा रंग आणि अंगात ताप. ती गिरणीच्या पत्र्याखाली येऊन पडली. मेंढक्याची बायको परत बघायला आली, जवळ बसली, तिच्या कानामागं हात फिरवला आणि म्हणाली, "ही चालंल असं वाटत न्हाई, काकू. राहू द्या तुमच्यात. जगली तर तुमची."

ती जगली. गिरणीत पडून पडून काळ्या अंगावर पिठाचा थर बसायचा आणि ती राखाडी दिसायची, म्हणून पिठी. काकू तिला दूधभाकरी घालत, दहीभात घालत. बाहेर हिंडून ती आणखी काय खाते, याची चौकशी त्यांनी कधी केली नाही. सुरुवातीला तिला उंबऱ्याच्या आत मनाई होती. एका थंडीत ती मनाई कधी उठली, ते काकूंनाही सांगता आलं नसतं.

गिरणीला लागूनच काकूंचं घर, आणि त्याच्या मागं लालासाहेबांचं रान होतं. लालासाहेब पलटणीत गाडीवर ड्रायव्हर होते, पेन्शन घेऊन आले आणि ऊस-हळद करू लागले. मदनरावांशी त्यांची जुनी दोस्ती, म्हणून कस्तुरीकाकू त्यांच्या वैनी, आणि ते काकूंचे भावजी. रानडुकरांनी ऊस लोळवायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी रानाभोवती काटेरी तार ओढली. पिठी त्या तारेखालून अंग चोरून पलीकडं जायची आणि तशीच परत यायची.

दिवाळी होऊन गेली होती. एका सकाळी काकूंनी गिरणी उघडली, तर जमिनीवर सांडलेल्या पिठात तांबडे ठसे उमटलेले. पिठी कोपऱ्यात बसून पुढचा उजवा पाय चाटत होती. एक नख मुळातून सुटून नुसतं लोंबत होतं. गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी ते सुटलेलं नख काढलं, पट्टी बांधली, गोळ्या दिल्या. "कशात तरी अडकून उपसलं असेल," ते म्हणाले. एक नख आणि रानात हिंडणारी कुत्री. दुसरं कुणाला काय वाटणार? काकूंच्या डोळ्यासमोर ती तार आली. पण जखम भरली आणि त्या गप्प बसल्या.

संक्रांतीच्या सुमारास दुसरं नख गेलं. या वेळी पुढच्या डाव्या पायाचं. काकू मागच्या दारानं बाहेर पडल्या आणि तारेच्या कडेकडेनं चालत गेल्या. तारेला केस अडकलेले दिसले, काळे. ते कुत्रीचे की डुकराचे, हे त्यांना कळलं नाही. पण मनानं ठरवून टाकलं होतं.

त्याच सकाळी लालासाहेब गव्हाचा डबा घेऊन आले. गिरणीत तिघीचौघी बायका उभ्या होत्या. काकूंनी पट्टा थांबवला. गिरणीचा आवाज बंद झाला, तशा सगळ्या त्यांच्याकडं बघायला लागल्या.

"भावजी, ती तार कशासाठी ओढलीया?"

"डुकरासाठी, वैनी. सांगितलं हुतं की तुमास्नी."

"एखाद्या डुकराचं नख निघालं का हो तिच्यात? माझ्या कुत्रीची दोन निघाली."

लालासाहेबांना क्षणभर काही उमगलंच नाही. "तारंनं नख कसं निघंल, वैनी? लागलं तर पाठीला लागंल."

"नुसत्या तारंनं नसंल निघालं. तिच्याखाली आणि काय मांडून ठेवलंय, ते तुमचं तुमाला ठावं. मुकं जनावर, ते काय सांगणार? तुमचं दळण न्या तेवढं. माझ्या दगडावर नको."

लालासाहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी डबा उचलला आणि ते निघून गेले. काकूंनी पट्टा चालू केला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुणाचं तरी दळण न बघताच परत पाठवलं होतं.

त्या दिवसापासून पिठी घरात बांधलेली. मागच्या खोलीत, खिडकीजवळ, मऊ पोत्यावर. काकू तिला सकाळ-संध्याकाळ साखळी धरून समोरच्या रस्त्यावर नेत आणि परत आणत. मागच्या दाराला कडी. पिठी खिडकीतून रानाकडं बघत बसे. तिच्या पायांखाली आता दगड नव्हता, काटा नव्हता आणि तार तर नव्हतीच.

आणि तरीही तिसरं नख गेलं. काकू तिच्याशेजारी शेंगा सोलत बसल्या होत्या. पिठी मागचा पाय चाटत होती. चाटता चाटता एकदम कळवळली आणि नख पोत्यावर पडलं. काकूंच्या समोर. त्यांनी ते उचलून तळहातावर घेतलं. आतून पोकळ, शेंगेच्या टरफलासारखं.

त्या बराच वेळ ते हातात घेऊन बसल्या. पिठीला काय झालंय हे त्यांना कळलं नव्हतं. पण काय झालेलं नाही, ते कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी बस्तीत, जैन मंदिरात, दर्शन घेऊन त्या घरी आल्याच नाहीत, तशाच लालासाहेबांच्या अंगणात गेल्या. ते फवारणीचा पंप उघडून बसले होते. त्यांनी मान वर केली, "या," म्हणाले आणि परत पंपात बघायला लागले.

"भावजी, तारंचा काही संबंध नव्हता. घरात बांधलेली असताना तिसरं गेलं. माझ्यासमोर."

लालासाहेब पंपाचा वायसर बोटानं पुसत राहिले.

"माझं चुकलं. चौघींच्या देखत बोलले मी. चौघींना सांगीन तसं नव्हतं म्हणून."

"त्येची काय गरज न्हाई."

"मला हाय."

मग लालासाहेबांनी पंप बाजूला ठेवला. "मला राग तुमच्या बोलण्याचा आला न्हाई, वैनी. मदन असता तर त्यो म्हणाला असता का असं, ह्येच डोक्यात फिरत हुतं." ते उठले, हात पुसले. "किती वाईट हाय?"

"उभी राहते. पण चालताना पाय उचलून धरते. कुठला धरावा, हेच तिला कळंना."

"सांगलीला नेऊ. गाडी काढतो. तुमी तिला चादरीत गुंडाळून आणा."

सांगलीत विश्रामबागेजवळ डॉ. संयोगिता यांचा लहान प्राण्यांचा दवाखाना होता. त्या मूळच्या कराडच्या, तिशीतल्या, हळू आवाजात बोलणाऱ्या. त्यांनी पिठीला टेबलावर उचललं नाही. स्वतःच खाली फरशीवर बसल्या, तिला हाताचा वास घेऊ दिला आणि मग काकूंना विचारायला सुरुवात केली. पहिलं नख कुठल्या पायाचं? मग कुठलं? आधी सूज आली की आधी नख सुटलं? चाटायला कधीपासून लागली? खाणं कमी झालंय का? वजन? अंगावर दुसरीकडं कुठं जखम, केस गेलेले, नाकावर, कानांवर काही? गोचीड? ताप?

काकू आठवून आठवून सांगत होत्या. खाणं तसंच आहे, अंगावर कुठं काही नाही, नुसते पाय.

मग डॉक्टरांनी एकेक पाय हातात घेतला. घाईनं नाही. एकेक बोट वेगळं करून, बोटांच्या बेचक्यात बघून, प्रत्येक नखाच्या मुळाशी अगदी हलकं दाबून. पिठीनं दोनदा पाय ओढून घेतला, एकदा त्यांच्या मनगटाला तोंड लावलं, पण दात लावले नाहीत. तिचं डोकं लालासाहेबांनी मांडीवर धरलं होतं.

"इथं बघा, काकू," डॉक्टर म्हणाल्या. "गेली तीन, ती तुम्हाला माहीत आहेत. पण राहिलेलीही धड नाहीत. हे मागच्या पायाचं बघा, उभी चीर गेलीय. हे मुळापासून सुटायला लागलंय, आत पोकळी दिसते. यावरची चमक गेलीय, ठिसूळ झालंय. चारही पायांवर आहे."

"म्हणजे काय झालंय?"

"आज लगेच नाव सांगत नाही. पण एक गोष्ट सांगते. एकाच पायाचं एकच नख गेलं असतं, तर मी म्हटलं असतं, लागलं असेल. किंवा मला त्या बोटात गाठ असण्याची भीती वाटली असती. तशी एक वाईट गाठ असते, हाड खाते. पण चारही पायांची नखं एकामागून एक जातायत आणि बाकी कुत्री ठणठणीत आहे, तेव्हा दुखणं पायाला बाहेरून लागलेलं नाही. आतून आहे."

लालासाहेबांनी पिठीच्या डोक्यावरून हात फिरवला. काकूंकडं त्यांनी बघितलं नाही, हे त्यांनी चांगलं केलं.

डॉक्टरांनी नखाच्या खाचेतला ओलावा काचेच्या पट्टीवर घेतला, रंग लावला आणि सूक्ष्मदर्शकातून पाहिला. जंतू होते, पण ते नंतर शिरलेले, घर उघडं दिसलं म्हणून आत आलेल्या पाहुण्यांसारखे. आधी त्यांचा बंदोबस्त करायचा ठरला. बुरशी आहे का ते बघायला नखांचे तुकडे प्रयोगशाळेत पाठवले. बुरशी असेल तर ती उगवायला वेळ लागतो, म्हणून थांबावं लागणार होतं. रक्त घेतलं. पायांचे एक्स-रे काढले. ते काकूंना दिव्यावर धरून दाखवले. बारीक बारीक हाडं, धान्याच्या दाण्यांसारखी. "हाडं चांगली आहेत," डॉक्टर म्हणाल्या.

घरी आल्यावर काकूंनी जुन्या मऊ साडीचे पायमोजे शिवले. पिठीला चाटता येऊ नये म्हणून. नाडी लावून घोट्याशी बांधायचे. पहिल्या दिवशी पिठी चारही पाय हवेत उचलायला बघत पडून राहिली. लालासाहेब बघायला आले आणि म्हणाले, "पलटणीत भरती केलंय वाटतं. बूट मिळाल्याती." काकू बऱ्याच दिवसांनी हसल्या. त्या दिवशी लालासाहेबांचा गव्हाचा डबाही गिरणीत परत आला. आणि दळणाला येणाऱ्या प्रत्येक बाईला काकूंनी, तिनं विचारलं नसतानाही, सांगितलं, "त्या दिवशी मी भावजींना बोलले, ते खोटं होतं. कुत्रीला रोग झालाय."

बुरशी निघाली नाही. रक्तातही काही वावगं नव्हतं. जंतू गेले, ओल सुकली, पण नखं सुटायची थांबली नाहीत. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी सांगितलं, "मला जे वाटतंय ते असं. शरीरात राखण करणारी एक व्यवस्था असते, बाहेरून आलेल्या रोगाशी लढणारी. कधीकधी ती चुकते आणि आपल्याच घरातल्या माणसाला चोर समजते. पिठीच्या बाबतीत ती तिच्याच नखांच्या मुळांवर उठलीय."

काकू मान खाली घालून ऐकत होत्या. "असंबी होतं का?" एवढंच त्या म्हणाल्या.

"होतं. खात्री करायची असेल तर एक नख मुळासकट, खालच्या पेरासकट काढून तपासायला पाठवावं लागतं. नुसतं नख बघून कळत नाही. पुढच्या पायाला वर, अंगठ्यासारखं एक नख असतं. ते जमिनीला टेकत नाही. ते काढलं तर चालायला अडचण येत नाही. भूल देऊनच करायचं."

"तिचा एक अवयव काढायचा?"

"हो," डॉक्टर म्हणाल्या. "त्याला दुसरं नाव देऊन सांगत नाही. न काढताही औषध सुरू करता येईल, लक्षणं पुष्कळ बोलकी आहेत. बरेच जण तसंच करतात. पण औषध महिनोन्‌महिने द्यायचंय. खात्री असली तर मला बरं वाटेल. तुम्ही विचार करा. घाई नाही."

काकूंनी विचार केला. किड्याला ऊन दाखवून वाट करून देणारी बाई, ती पाळलेल्या कुत्रीचं बोट कापायला हो कशी म्हणणार? अतिशयला फोन केला, तो म्हणाला, "तुला वाटेल तसं कर आई," पण त्याचा काही उपयोग नव्हता. संध्याकाळी, ऊन असतानाच जेवण आटोपून, त्या पिठीचे पायमोजे बदलायला बसल्या. त्यांची बांगडी पिठीच्या पुढच्या पायाला, त्या वरच्या नखाला जराशी लागली आणि पिठी ओरडली. काकूंनी चष्मा लावून पाहिलं. तेही मुळाशी सुटायला लागलं होतं.

त्यांनी डॉक्टरांना फोन लावला. "ते वरचं नख जाणारच हाय," त्या म्हणाल्या. "जायचंच असंल तर काही सांगून जाऊ दे."

भूल उतरेपर्यंत त्या पिठीशेजारी फरशीवर बसून राहिल्या. लालासाहेबांनी बाहेरून चहा आणला, तो त्यांनी घेतला नाही. पिठीनं डोळे उघडले, तेव्हा पहिल्यांदा तिला काकूंचा पदर दिसला असावा, कारण ती त्यातच तोंड खुपसून परत झोपली.

अहवाल आला तो डॉक्टरांच्या अंदाजासारखाच. नखांचाच रोग, गाठ नाही, बुरशी नाही. जिवाला धोका नाही, पण पूर्ण जाईलच असंही नाही. सांभाळून राहायचं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि मग जरा थांबून म्हणाल्या, "याबरोबर एक तेल द्यायचंय, रोज, भरपूर. माशाचं तेल असतं. कॅप्सूल मिळतात."

लालासाहेब भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघू लागले.

"जवसाचं चालणार नाही?" काकूंनी विचारलं. "घरचं हाय माझ्याकडं. मी घाण्यावरून काढून आणते."

"जवसात जे असतं, त्यातलं फार थोडं कुत्र्याच्या अंगी लागतं, काकू. समुद्रातल्या शेवाळाचं एक तेल मिळतं, ते मी मागवून बघते. पण त्यात आपल्याला हवा असलेला एक भाग कमी असतो. आधी हे देऊ. नखं धरायला लागली, की ते देऊन बघू."

ते परत निघाले. कसबे डिग्रज मागं पडल्यावर लालासाहेब म्हणाले, "बाटली माझ्याकडं ठिवतो. सकाळी मी बांधावर येतो, तुमी तिला सोडा. मी देतो. तुमच्या घरात यायचंच न्हाई ते."

काकू खिडकीतून बघत होत्या. "तुमच्या हातानं दिलं म्हणजे माझं नाही, असं मी म्हणणार नाही, भावजी. द्यायला मीच सांगतेय."

"मग नगं द्यायला?"

"द्या," त्या म्हणाल्या.

असं सुरू झालं. रोज सकाळी लालासाहेब बांधावर उभे राहत आणि शीळ घालत. पिठी मागच्या दारातून लंगडत, पण लगबगीनं जाई. त्यांच्या हातातून कॅप्सूल खाई, वर हात चाटून स्वच्छ करी. काकू दारात उभ्या राहून बघत. कधी त्या चहा नेऊन देत आणि दोघं बांधावर बसून बोलत, पावसाबद्दल, मदनरावांबद्दल. शेजारी राहून इतक्या वर्षांत ती दोघं एवढं बोलली नव्हती.

नखांना मात्र घाई नव्हती. पहिल्या महिन्यात आणखी गेली. दुसऱ्यात जायची थांबली. काकू रोज चष्मा लावून बघत, आणि बोटांच्या टोकांवर उघडी, नाजूक जागा तशीच. डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, नख वाढायला वेळ लागतो, तीन-चार महिने तरी धीर धरा. काकू धीर धरत होत्या. पण धीर धरणं म्हणजे काय, हे मुकं जनावर शेजारी पाय उचलून बसलेलं असताना वेगळंच कळतं.

वैशाखात लालासाहेबांची मुलगी सृष्टी कराडला बाळंत झाली आणि त्यांना जावं लागलं. "रानातल्या मुकादमाला सांगून ठिवलंय, त्यो दील," ते म्हणाले. मुकादम आला, शीळ घातली. पिठी दारातच उभी राहून गुरगुरली. तो जवळ यायला लागला तशी दात दाखवून मागं सरली. तो बिचारा बाटली बांधावर ठेवून निघून गेला.

काकू बांधावर गेल्या. बाटली तिथंच उन्हात पडलेली होती. आज नाही दिलं तर काय होईल? एक दिवस. उद्याही नाही दिलं तर? लालासाहेब केव्हा येणार ते नक्की नव्हतं. त्यांनी बाटली उचलली. झाकण काढल्यावर तो वास आला. एका कॅप्सूलला चीर गेली होती, तिचं तेल बोटांना लागलं. काकूंनी गुळात कणीक मळून तिचे गोळे केले, एकेक कॅप्सूल आत घातली आणि पिठीसमोर हात धरला. पिठीनं आधी त्यांच्या तोंडाकडं बघितलं. मग हळूच, ओठांनीच उचलल्यासारखं, एकेक गोळा घेतला. शेवटी बोटं चाटली, एकेक.

काकूंनी बोटं चाटू दिली. मग साबणानं हात धुतले, पुन्हा धुतले आणि डोक्यावरून अंघोळ केली. बस्तीत गेल्या. मूर्तीसमोर उभ्या राहिल्या आणि काय म्हणावं ते त्यांना सुचेना. माफी मागावी, तर उद्या पुन्हा तेच करायचं होतं. त्या नुसत्याच हात जोडून उभ्या राहिल्या आणि परत आल्या.

अतिशयचा फोन आला, तेव्हा त्यांनी त्याला सांगितलं.

"आई, तू दिलंस? स्वतःच्या हातानं?"

"हो. तू लहानपणी हडकुळा होतास, तवा डॉक्टरांनी एक टॉनिक दिलं होतं. बाटलीवर माशाचं चित्र होतं. तुझे बाबा म्हणाले, चित्र बघू नको, चमचा बघ."

"म्हणजे मला पण?"

"तुला पण," काकू म्हणाल्या. "जेवलास का?"

लालासाहेब आठवडाभरानं पेढे घेऊन आले. बाटली मागायला हात पुढं केला, तर काकू म्हणाल्या, "राहू दे माझ्याकडंच. मागच्या पडवीत फडताळात ठेवलीय." लालासाहेबांनी हात मागं घेतला. पण सकाळी बांधावर यायचं त्यांनी सोडलं नाही.

पावसाळ्यात नखं आली. सरळ नव्हती. काही वाकडी, काही जाड, रंग मळकट, टोकाला चुरा होणारी. डॉक्टरांनी ती पाहिली आणि त्यांना आनंद झाला, असा की काकूंना जरा नवलच वाटलं. "अशीच येतात आधी," त्या म्हणाल्या. "लांब वाढू द्यायची नाहीत. लांब झाली की अडकतात, चिरतात. कानशीनं घासून आखूड ठेवायची." त्यांनी काकूंना कसं धरायचं, किती घासायचं, कुठं थांबायचं ते दाखवलं. गिरणीच्या गुळगुळीत झालेल्या दगडाला टाकी लावून धार आणणारी बाई ती. दोन नखं होईपर्यंत तिच्या हाताला अंदाज आला. काही महिन्यांनी शेवाळाचं तेलही आलं. ते चालू करून बघितलं, नखं टिकली. काकूंनी माशाची बाटली धुऊन टाकून दिली. पण त्यांनी डॉक्टरांना एवढं विचारून ठेवलं, की परत गरज पडली तर ती कुठं मिळेल.

पुढं एकदा एक नख पुन्हा सुटलं. काकू घाबरल्या नाहीत. सगळे पाय तपासले, बाकीची घट्ट होती, फोन करून सांगितलं, औषध जरा वाढवलं. ते नखही परत आलं.

पुढच्या वर्षीच्या दसऱ्यानंतरची गोष्ट. गिरणी चालू होती, बायका रांगेत होत्या, आणि लालासाहेब चिखलाच्या पायांनी दारात येऊन उभे राहिले. काकूंनी पट्टा थांबवला.

"वैनी, तुमच्या कुत्रीनं माझी हळद उकरली. आख्खा वरंबा. घुशीच्या मागं लागून."

"उकरली?"

"आवं, कोपरापतूर खड्डा केलाय."

काकू गिरणीतून बाहेर आल्या आणि मागं गेल्या. पिठी वरंब्यात पुढचे दोन्ही पाय चालवत होती, माती मागं उडत होती, हळदीचे पिवळे गड्डे उघडे पडले होते. दोघंही तिला हाक मारायला आले होते. कुणीच मारली नाही. पिठीनं थोड्या वेळानं घूस सोडून दिली आणि मातीनं माखलेलं तोंड घेऊन आली. काकूंनी खाली बसून तिचा एकेक पाय पदरानं पुसला आणि नखं मोजल्यासारखी बघितली.

"हळदीचं काय ते सांगा, भावजी," त्या म्हणाल्या.

"ऱ्हाऊ द्या," लालासाहेब म्हणाले, आणि खुरपं आणायला गेले. मग दोघांनी मिळून उघडे पडलेले गड्डे परत मातीत दाबले. गिरणीत बायका थांबल्या होत्या, त्यांतल्या एकीनं हाक मारली, तशा काकू हात झटकत आत गेल्या.